कारण लिहायची ओळ

चर्चमधली रविवारची उपासना संपून लोक बाहेर चहासाठी जमले, की मागच्या लहान खोलीत दानाच्या थैल्या उपड्या केल्या जातात आणि आम्ही तिघे जण मोजणीला बसतो. मी बँकेत ३१ वर्षे काढली, म्हणून निवृत्तीनंतर मंडळीने हे काम माझ्याकडे सोपवले आणि मीही ते आनंदाने घेतले, कारण नोटा सारख्या करून त्यांना रबर लावण्याची सवय हाताला सोडवत नाही. नाणी एकीकडे, नोटा दुसरीकडे आणि तिसरा ढीग पाकिटांचा. ही पाकिटे उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानण्यासाठी दिलेल्या, दानाची असतात. त्यांवर नाव, रक्कम आणि कारण अशा तीन ओळी छापलेल्या आहेत. पुढच्या रविवारी पाळकसाहेब ती पाकिटे सर्वांसमोर वाचून दाखवतात, आणि खरे सांगायचे तर प्रवचनापेक्षा त्या पाच मिनिटांत लोकांचे लक्ष अधिक असते.

कारणाच्या ओळीवर लोक काय काय लिहितात, याची एक वेगळी वही व्हावी. मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले. मुलीला बारावीला ६१ टक्के मिळाले. लग्नाला ३४ वर्षे झाली. इमारतीच्या रीडेव्हलपमेंटचा करार एकदाचा झाला. एकाने लिहिले होते, ‘मुंब्र्याला लोकलमधून पडलो, वाचलो,’ आणि पुढे ५०१ रुपये. वाचताना पाळकसाहेब क्षणभर थांबले होते आणि मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्याने आमेन म्हटले होते.

या ढिगात दर महिन्याला एक पाकीट असे, ज्यावर नाव असे, २० रुपये असा आकडा असे आणि कारणाची ओळ कोरी असे. अक्षर शाळकरी मुलाचे होते आणि सगळी पाकिटे एका बैठकीत भरून ठेवल्यासारखी एकाच निळ्या शाईची होती. हा तपशील माझ्या लक्षात आला होता, पण त्याचा अर्थ लावण्याइतकी अक्कल मला त्या वेळी सुचली नाही. पाकीट आमच्या मंडळीतल्या सर्वांत वयस्कर आजींचे होते. मी नोंदवहीत कारणाच्या रकान्यात ‘इतर’ असे लिहीत असे, आणि मनात मात्र त्या कोऱ्या ओळीवर बरेच काही बांधत गेले होते. महिला मंडळाच्या एका सभेत तर मी त्यावर छोटे भाषणही केले. आपण देवाला कारणे मोजून दाखवतो आणि एक वृद्ध भगिनी कोणतेही कारण न देता, केवळ तो देव आहे म्हणून, उपकारस्तुती करते, असे मी म्हणाले. बायकांनी माना डोलावल्या. आजी पहिल्याच रांगेत बसल्या होत्या आणि माझ्याकडे फार विचित्र नजरेने पाहत होत्या. ती नजर मी नम्रतेची समजले.

त्या पाकिटांकडे पाहता पाहता मला उपकारस्तुती या शब्दाचाच विचार पडू लागला. आपल्या घरांत आभार मानण्याची पद्धत नाही. आईने ताट वाढल्यावर मी ‘आभारी आहे’ असे म्हणाले असते, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले असते. आभार परक्यांचे मानायचे असतात. शेजारणीला वाटी परत करताना ती रिकामी न देता तिच्यात काहीतरी घालून द्यायचे, हे आपले आभार. सार्वजनिक जीवनात आभारप्रदर्शन नावाचा एक प्रकार आहे खरा, पण तो सुरू झाला की श्रोते खुर्चीखाली चपला चाचपडू लागतात. आणि उपकार हा शब्द तर त्याहून अवघड. तो आपण बहुतेक वेळा रागाने उच्चारतो. ‘उपकार करतोस का माझ्यावर?’ ‘नकोत मला तुझे उपकार.’ उपकाराची फेड करायची असते, उपकाराखाली दबून जायचे असते, आणि ज्याच्याकडून ते घेतले त्याच्या दारावरून जाताना मान खाली घालायची असते. अशा या शब्दाला स्तुती जोडून आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, उपकारस्तुती हा शब्द आला. लहानपणी जेवणापूर्वी डोळे मिटून आम्ही तो भराभर म्हणून टाकत असू, कारण समोर भाकरी निवत असे. शाळेत मधल्या सुट्टीत ‘वदनी कवळ’ म्हणायचे आणि घरी ‘या अन्नाबद्दल तुझी उपकारस्तुती करतो’ असे म्हणायचे, यात आम्हाला काही वावगे वाटत नसे. दोन्ही ठिकाणी डाव्या डोळ्याच्या फटीतून ताटाकडे पाहणे मात्र सारखेच होते.

उपकार या शब्दाची एक दुखरी बाजू माझ्या घराण्यात आहे. माझे माहेर नगर जिल्ह्यातले. तिथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले, आणि १८७६ ते १८७८ या वर्षांच्या मोठ्या दुष्काळानंतर गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांत माझ्या पणजोबांचे घर होते. माझी आजी सांगत असे, की गावाने पिढ्यानपिढ्या उरलेसुरले अन्न दिले आणि त्याला उपकार म्हटले, आणि त्या बदल्यात घेतलेल्या कामाला कधी मोल म्हटले नाही. पुढे मिशनच्या शाळेत शिकून माझे आजोबा मास्तर झाले, तेव्हा गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ भर रस्त्यात त्यांना म्हणाले होते, ‘आमच्या तुकड्यांवर वाढलात, उपकार विसरू नका.’ उलट बाजूने ‘मिशनने तुम्हाला माणसांत आणले, उपकार विसरू नका’ असे सांगणारेही भेटले. मिशनचे ऋण आजी मोकळ्या मनाने मान्य करीत असे, शाळेतल्या मडमबाईंची आठवण निघाली की तिचे डोळे भरून येत. पण कोणी ते ऋण तोंडावर मोजून दाखवले, की ती पदर खोचून उठून जाई. तिच्या हिशेबात मागितलेली कृतज्ञता म्हणजे वसुली होती.

‘उपकार विसरू नको’ ही आज्ञा बायबलातल्या स्तोत्रसंहितेतही आहे, १०३ व्या स्तोत्राच्या दुसऱ्या ओवीत. पुष्कळ वर्षे ती वाचताना माझ्या कानांत त्या प्रतिष्ठित गृहस्थांचाच आवाज घुमत असे. मग एकदा नीट पाहिले, तर तिथे देव बोलत नाही. बोलणारा माणूस आहे आणि तो स्वतःच्या जिवाला सांगतो आहे, की अरे, विसरू नकोस. मालकाने नोकराला दिलेली ती ताकीद नाही, संध्याकाळी एकट्याने बसून स्वतःशी केलेले बोलणे आहे. फरक एवढासाच, पण माझ्यासारखीला तो कळायला पन्नाशी यावी लागली.

या आठवणीची एक रीत बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात आहे आणि ती मला फार आवडते. पहिले पीक टोपलीत घालून याजकापुढे ठेवायचे, आणि ठेवताना पिकाचे गुणगान न करता आपल्या घराण्याची हकिकत म्हणायची: आमचा पूर्वज भटकणारा अरामी होता, तो मिसर म्हणजे इजिप्त देशात गेला, तिथे आम्हाला दासांप्रमाणे राबवले, आम्ही रडलो, आणि देवाने आमचे रडणे ऐकले. म्हणजे टोपलीत दाणे आणि तोंडात दुष्काळ. आमच्याकडे पीककापणीच्या सणाला लोक वेदीसमोर भाज्या, फळे, नारळ, घरचा केक आणि क्वचित जिवंत कोंबडीही आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. ठाण्यात आता कोणाचे शेत उरले आहे? घोडबंदर रस्त्याला जिथे भातखाचरे होती तिथे ३० मजल्यांच्या इमारती आहेत. त्यामुळे आदल्या संध्याकाळी जांभळी नाक्याच्या मंडईत घासाघीस करून घेतलेला दुधी भोपळा दुसऱ्या दिवशी आमचे प्रथमफळ म्हणून वेदीसमोर येतो आणि लिलावात तिप्पट भावाने आमच्याच पिशवीत परत जातो. पूर्वी मला याचे हसू येई. आता वाटते, की टोपलीत काय आहे यापेक्षा ती ठेवताना कोणती हकिकत आठवायची, हे आम्ही ठरवत नाही, तिथे खरी गोम आहे. माझे पणजोबा हे माझे भटकणारे अरामी आहेत, आणि दुधीच्या टोपलीशी त्यांचे नाव मी तरी मनातल्या मनात घेते.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत उपकारस्तुतीसाठी जो शब्द आहे, यूखारिस्तिया, त्याच्या पोटात खारिस म्हणजे कृपा हा शब्द आहे. प्रभुभोजनालाच, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर घेण्याच्या विधीलाच, पुढे ते नाव पडले. कृपेची फेड नसते, कारण ती कर्जाऊ दिलेली नसते. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटायला जड जाते. आमच्या जगात जे जमा होते ते कोणाच्या तरी नावे पडलेले असते, आणि दोन्ही बाजू जुळल्याशिवाय संध्याकाळी घरी जाता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट मी याच नजरेने वाचत आले होते: दहा जण बरे झाले, एकच परत येऊन पाया पडला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे ज्याच्या हातचे पाणी यहुदी लोकांना चालत नसे असा. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशू विचारतो. प्रत्येक प्रवचनात त्या नऊ जणांना झोडपले जाते, आणि माझीही मान आतून डोलत असे. पण त्या नऊ जणांचे पुढे काय झाले? त्यांचे कोड परत आले असे तिथे लिहिलेले नाही. आभार न मानताही ते बरे झालेलेच राहिले. त्यांच्या खात्यावर काही नावे टाकले गेले नाही. मला हे दिसले तेव्हा क्षणभर राग आला आणि मग बराच वेळ माझ्या आजीची आठवण येत राहिली.

उपकारस्तुतीचे एक वाईट रूप मी स्वतः केले आहे, तेही सांगायला हवे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी दादरच्या शाखेत होते. रात्र तिथेच टेबलावर काढून दुसऱ्या दिवशी मिळेल तिथे चालत, मिळेल तिथे ट्रकमध्ये चढत मी कळव्याला घरी पोहोचले. आमच्या इमारतीत पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन थांबले होते. पुढच्या रविवारी साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगण्याची, वेळ आली तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, की आसपासच्या चाळी बुडाल्या, इतक्या लोकांचे संसार वाहून गेले, पण प्रभूने आमच्या घराला धक्का लागू दिला नाही. खाली बसताना माझे लक्ष बाजूच्या बाकाकडे गेले. तिथे एक बाई बसल्या होत्या, ज्यांचा भाचा त्या पाण्यातून घरी परतला नव्हता. राज्यात त्या पावसात हजाराहून अधिक माणसे गेली. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही, आणि उपासनेनंतर हस्तांदोलन करताना माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला. त्या रात्री मला लूकच्याच अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, आठवला. तो मंदिरात उभा राहून इतर माणसांसारखा मी नाही म्हणून देवाचे आभार मानतो. तीही उपकारस्तुतीच आहे, आणि येशूने ती नाकारली आहे. दुसऱ्याच्या बुडालेल्या घराची पार्श्वभूमी लागल्याशिवाय जे उपकार आपल्याला दिसत नाहीत, ते बोलून दाखवण्यापूर्वी थांबावे, एवढे मी तेव्हापासून पाळते. करोनाच्या काळानंतर चर्चचे दरवाजे उघडले तेव्हा ‘आमच्या घरातले सर्व सुखरूप’ अशी पुष्कळ पाकिटे आली. लिहिणाऱ्यांना दोष देत नाही, पण मोजताना माझा हात जड झाला होता.

थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ ‘स्थितीत’ या शब्दाला धरून मी बरीच वर्षे सुटका करून घेतली. स्थितीबद्दल नव्हे, फक्त स्थितीत. मग इफिसकरांच्या पत्रात तोच पौल सर्व गोष्टींबद्दल उपकारस्तुती करायला सांगतो आणि माझी पळवाट बंद होते. यजमानांचे डायलिसिस साडेतीन वर्षे चालले. आठवड्यातून तीनदा जाणे, मोजून दिलेले पाणी, आणि शेवटी एका फेब्रुवारीत सगळे थांबणे. भेटायला आलेल्यांपैकी काहींनी ‘सुटले बिचारे, देवाचे उपकार मान’ असे सांगितले. मी ते मानले नाहीत, आणि आजही त्या आजाराबद्दल मानू शकत नाही. इफिसकरांतल्या त्या ओवीपाशी मी अजून अडते आणि पुढे जाते. आमचे त्या वेळचे पाळक मात्र शहाणे होते. त्यांनी काही समजावले नाही. ८८ वे स्तोत्र वाचून दाखवले, ज्याचा शेवट अंधारातच होतो, आणि म्हणाले, ‘ताई, हेही स्तोत्रसंहितेतच आहे.’ मग पुढच्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी नेहमीचे शब्द माझ्या कानांवर पडले: ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. धरून देणाऱ्याबद्दल त्याने उपकार मानले असे तिथे म्हटलेले नाही. हातात भाकर होती, तिच्याबद्दल मानले. तेवढे मला त्या दिवशी जमले. भाकर घेतली.

रोजचा अभ्यास म्हणाल, तर तो मी एका कॅथलिक मैत्रिणीकडून उचलला. ती वसईची. बँकेत आम्ही शेजारी बसत असू, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला ती मला तिच्या गावी नेत असे, जिथे भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित करून घरोघर वाटतात. ती रोज रात्री इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेल्या पद्धतीने दिवसाची तपासणी करीत असे. मला वाटले होते, की तपासणी म्हणजे पापांची यादी. पण तिने सांगितले, की पहिली पायरी उपकारस्तुतीची असते, चुका त्यानंतर. आधी काय मिळाले ते पाहायचे, मग आपण त्याचे काय केले ते. बँकेत संध्याकाळी रोकड जुळवताना आम्ही नेमके हेच करीत होतो, आधी जमा मग खर्च, पण घरी येऊन स्वतःच्या दिवसाला ते लावावे हे मला सुचले नव्हते. हल्ली कृतज्ञतेची रोजनिशी लिहिण्याचा प्रघात आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना आठवड्यातून एकदा अशा पाच गोष्टी लिहायला सांगितले होते आणि त्यांना आपले आयुष्य इतरांपेक्षा अधिक बरे वाटले होते. माझी भाची तसे एक ॲप वापरते आणि तिला गुण येतो. मला मात्र यादी कोणाच्या तरी हाती द्यावीशी वाटते. पत्र लिहून ते पेटीत न टाकता आपल्याच कपाटात ठेवायचे, हे माझ्याने होत नाही.

पण नेमके लिहायचे काय, ही माझी अडचण होती. रात्री बसले की मला मोठमोठे शब्द आठवत: आरोग्य, कुटुंब, निवारा. पासबुकाच्या छापील नोंदींसारखे. ती अडचण कोऱ्या ओळीच्या पाकिटवाल्या आजींनी सोडवली, आणि तीही नकळत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रविवारी आजी मोजणीच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात कोरे पाकीट होते. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, “बाई, नातू पुण्याला गेला नोकरीला. त्यो वरसाची पाकिटं एकदम लिवून ठेवायचा. आता सपली. तू लिवती का?”

मी नाव लिहिले, रक्कम लिहिली आणि सवयीने थांबले. “कारणाची ओळ तुम्ही कोरीच ठेवता ना, आजी?”

“म्या कुठं ठेवती? पोराला आधीच कसं ठावं, फुडल्या म्हयन्यात काय व्हणार ते? आन् मला तर लिवता येत न्हाई. तू त्या सभेत काय काय बोलली, मला तर काई उमगलंच न्हाई.”

माझी कानशिले गरम झाली. त्यांनी ते पाहिले असावे, कारण स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या आणि सांगू लागल्या. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्यांची लेखनिक असते. त्या सांगतात ते मी जसेच्या तसे लिहिते, आणि पाळकसाहेबही ते तसेच वाचतात. सून आपणहून बोलली. नळाला दोन दिवस पाणी सकाळी आले, रात्री उठावे लागले नाही. रिक्षावाल्याने मीटरपेक्षा कमी घेतले. न्हाणीत पाय घसरला, पण बादली धरता आली. मोठे शब्द त्यांना माहीतच नाहीत, त्यामुळे माझ्याही रात्रीच्या वहीतले मोठे शब्द हळूहळू गळत चालले आहेत.

या महिन्यात त्या आल्या तेव्हा मी पेन उघडून तयार होते.

“गुडघा लई दुखतोय,” त्या म्हणाल्या.

मी लिहू लागले तशी त्यांनी माझा हात धरला. “ते लिवू नगं, ते नुसतं सांगती. आन् परवाच्या पावसात पत्रा गळला.”

“हेही नुसतेच?”

“न्हाई, हे लिव. गळला, पर गादीवर न्हाई. गादीच्या वीतभर अलीकडं.”

ओळ लहान होती. ‘गादीच्या वीतभर अलीकडे’ हे मी पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिले.